योसेफाने भावांना एवढं रडवलं कशाला?

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, 42 वा अध्याय वाचायला घेतला की बायबल-अभ्यासात हा प्रश्न हटकून येतो. भावांनी गुलाम म्हणून विकलेला योसेफ आता मिसरचा (इजिप्तचा) अधिकारी आहे, आणि दुष्काळात तेच भाऊ त्याला न ओळखता धान्य मागायला त्याच्यापुढे येतात. क्षमा करायचीच होती, तर योसेफाने भावांना पहिल्याच भेटीत जवळ का घेतलं नाही? हेरगिरीचा आळ, तीन दिवस कोठडी, शिमोनाला ओलीस ठेवणं, धाकट्या बन्यामीनच्या गोणीत चांदीचा प्याला. हा सूड नाही तर काय? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण याचं उत्तर घाईने दिलं की घरातल्या दुखावलेल्या माणसावरच अन्याय होतो.

आधी वयाचा हिशोब मांडा. योसेफ 17 वर्षांचा असताना गोष्ट सुरू होते, भाऊ त्याला चांदीच्या 20 तुकड्यांना विकतात. मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहतो तेव्हा तो 30 चा आहे. मग सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन. म्हणजे ओळख देताना तो 39 च्या आसपास आहे. त्याचा पणजोबा अब्राहाम, आजोबा इसहाक, बाप याकोब यांच्याशी देव स्वतः बोलला. योसेफाशी एकदाही बोलल्याची नोंद नाही. जवळजवळ 22 वर्षं त्याने विश्वास धरला तो असा, आवाजाविना. त्याच्या क्षमेचं मूळ मला इथेच दिसतं. थोरल्या मुलाचं नाव ठेवताना तो म्हणतो की देवाने मला बापाच्या घराचा विसर पाडला. आणि भाऊ समोर आल्यावर बाजूला जाऊन रडतो. विसर काही पडलेला नव्हता.

आता परीक्षेकडे या. सूड घ्यायचा असता तर एक हुकूम पुरे होता. उलट तो नऊ जणांना अडकवून एकालाच घरी राहिलेल्या बन्यामीनला आणायला पाठवण्याचा आपलाच निर्णय तीन दिवसांनी फिरवतो, एकालाच ठेवून बाकीच्यांना धान्य, वाटखर्चाची शिदोरी आणि त्यांचेच पैसे देऊन पाठवतो. त्याला जाणून घ्यायचं आहे ते एवढंच, की ही माणसं बदलली आहेत का. म्हणून तो जुना प्रसंग पुन्हा उभा करतो. बन्यामीनही योसेफासारखाच राहेलीचा मुलगा, बापाचा लाडका, पंगतीत त्याला इतरांच्या पाचपट वाढलेलं. मग प्याला सापडतो, आणि बाकीच्यांना सांगितलं जातं की तुम्ही बापाकडे खुशाल जा, हा एकटा गुलाम राहील. योसेफाला विकलं त्या दोथानला त्यांनी हेच तर केलं होतं.

आणि पुढे येतो यहूदा, विकण्याची कल्पना ज्याची होती तोच. 44 व्या अध्यायातलं त्याचं बोलणं सावकाश वाचा. बापाचे शब्द तो जसेच्या तसे सांगतो, की माझ्या बायकोला दोनच मुलगे झाले. यहूदा मात्र याकोबाची आणखी एक बायको लेआ हिचा मुलगा. त्याच्या आईला या वाक्यात जागाच नाही, तरी त्याच्या बोलण्यात कडवटपणा नाही. शेवटी म्हणतो, पोराऐवजी मला गुलाम ठेवा. मग योसेफाला आवरत नाही.

इथे तो दोन गोष्टी करतो. आधी सगळ्या मिसरी लोकांना बाहेर काढतो, भावांचं पाप दरबारात उघडं पडू देत नाही. आणि तरीही स्पष्ट म्हणतो, ज्याला तुम्ही विकलं तो मी. पापाला पाप म्हटल्यावरच तो देवाच्या योजनेचं बोलतो. हा क्रम आपल्याकडे फार वेळा उलटा होतो. मार खाणाऱ्या बाईला, जमिनीत फसवलेल्या भावाला वडीलधारे आधीच सांगतात, ‘देवाने भल्यासाठीच केलं, योसेफासारखी क्षमा कर.’ पण ते वाक्य योसेफ स्वतः म्हणतो, दुसऱ्या कुणी त्याला ऐकवलेलं नाही. शिवाय तेव्हा तो सुरक्षित होता आणि सत्ता त्याच्या हाती होती. हे विसरून त्याचा दाखला देणं मला चुकीचं वाटतं.

मन मोकळं करून एकत्र राहायलाच हवं असंही नाही. याकोबाने पूर्वी फसवलेला त्याचा भाऊ एसाव धावत येऊन याकोबाच्या गळ्यात पडतो, दोघं रडतात. पण एसाव सेईरला जातो आणि याकोब सुक्कोथला. पुढे इसहाकाला पुरायला दोघं एकत्र येतात. तेवढं नातं टिकलं, आणि ते पुरेसं होतं.

बरेच जण 45 व्या अध्यायाला पुस्तक मिटतात. तसं करू नका. योसेफाची क्षमा मागितल्याचा एक शब्दही तिथे भावांच्या तोंडी नाही. अपराधाचं ते बोलतात ते आपसांत, किंवा त्याला न ओळखता. याकोब मिसरात 17 वर्षं जगतो, आणि तो जाताच त्यांना धास्ती बसते की आता हा उट्टं काढणार. मग ते निरोप धाडतात, तोही बापाच्या नावावर. न बोललेला अपराध इतकी वर्षं आत राहिला. निरोप ऐकून योसेफ रडतो. मग ते स्वतः येऊन पाया पडतात तेव्हा म्हणतो, भिऊ नका, मी काय देवाच्या ठिकाणी आहे? तुम्ही वाईट योजलं होतं, देवाने त्यातून चांगलं योजलं. तुमचा आणि तुमच्या मुलाबाळांचा सांभाळ मी करीन. यातलं नवं असं फारच थोडं आहे. हेच तो 17 वर्षांपूर्वी बोलला होता, धान्यही तेव्हापासून देत होता. तरी त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं.