टाके भरले, पण दुखणं थांबेना

बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी खालचे टाके बघितले, "छान भरलेत, आता संबंध ठेवायला हरकत नाही," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. घरी मात्र हरकतच हरकत होती. नवरा जवळ आला की आग व्हायची, आणि पुढे पुढे तर आग होणार या भीतीनेच अंग आखडायचं. इच्छाही नव्हती. दिवसभर बाळ छातीशी, मग रात्री आणखी कुणाचा हातही नकोसा व्हायचा. "माझं काही चुकतंय का?" असं त्याने विचारलं की मला रडूच यायचं. दूध पुरतंय का, हे भेटेल तो विचारायचा. तुला दुखतंय का, हे विचारणारं कुणी नव्हतं.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न: "पूर्ण अंगावरच पाजतेस का?" मला वाटलं, विषय बदलला. पण उत्तर तिथेच होतं. पाजत असताना प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं संप्रेरक, वाढलेलं राहतं, त्याने बीजकोशांचं काम मंदावतं आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक खाली येतं. मग योनीची त्वचा पातळ, कोरडी होते. पाळी जाताना होते तशीच. म्हणजे नवऱ्यावरचं प्रेम आटलं वगैरे काही नव्हतं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर किती रात्री शांत गेल्या असत्या!

तपासताना त्यांनी कापसाची काडी एकेका जागी हलकेच टेकवली. "इथे? इथे?" टाक्यांच्या कडेला टेकवली तेव्हा मी उडालेच. तिथला व्रण कडक झाला होता आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही घट्ट आवळलेले. त्यामुळे ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला स्नायू आवळण्याचा व्यायाम मला आधी बंदच करायला सांगितला. फिजिओथेरपिस्टने उलटं शिकवलं: श्वास आत घेताना खालचा भाग सैल सोडायचा. स्वच्छ अंगठ्याने व्रणावर हलका मसाजही. ऐकायला सोपं वाटतं, पण सैल सोडणं हेच सगळ्यात अवघड गेलं.

सोबत पाण्याचा बेस असलेलं लुब्रिकंट (तेलाने निरोधाचं लॅटेक्स फाटू शकतं, म्हणून तेल नको) आणि योनीत लावायचं कमी ताकदीचं इस्ट्रोजेनचं क्रीम. दुधाचं काय, ही माझी पहिली शंका. ते रक्तात फारच कमी उतरतं, पाजणं चालू ठेव, असं त्यांनी सांगितलं. फरक हळूहळू पडला. पहिल्यांदा न दुखता जवळ आलो तेव्हा ऐन वेळी पान्हा फुटला आणि चादर भिजली. दोघंही हसत सुटलो. पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिन त्याही क्षणी स्रवतं, त्यात बिघडलेलं काही नसतं. आता टॉवेल उशाशीच असतो.

राहिला प्रश्न दिवस जाण्याचा. "पाजतेयस तोवर काळजी नाही," हे अर्धंच खरं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, या तिन्ही अटी पाळल्या तर ९८ टक्क्यांहून जास्त संरक्षण मिळतं. एक जरी मोडली तरी दुसरा उपाय हवा, कारण पहिल्या पाळीच्या आधीच बीज सुटू शकतं. माझं बाळ वरचं खायला लागलं, तेव्हा मी तांबी बसवून घेतली. क्रीम तेव्हा आठवड्यातून दोनदाच लागत होतं.