काकूला खुकरी स्मारकाला नेलं, तेव्हा

काकाचं श्राद्ध आमच्याकडे दरवर्षी होतं, पण त्याच्या अस्थी कधी आल्याच नाहीत. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने 'आयएनएस खुकरी' ही आपली युद्धनौका दीवसमोरच्या समुद्रात बुडाली, तेव्हा तो तिच्यावर होता. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आजोबांनी पालाशविधी केला, पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी दिला. काकू तेव्हा एकवीस वर्षांची होती.

"एकदा दीवला न्या रे," ती म्हणायची आणि आम्ही "जाऊ" म्हणायचो. यंदा तिचे गुडघे फारच दुखू लागले, तेव्हा मी सरळ तिकिटंच काढली.

मुंबईहून रेल्वेने वेरावळ, तिथून ऊनामार्गे दीव, साधारण ९० किलोमीटर. गाडी आधीच ठरवली होती. वयस्कर माणूस सोबत असेल तर पोचल्या दिवशी कुठेही जाऊ नका. आम्ही नुसती विश्रांती घेतली.

दुसऱ्या दिवशी एक घोळ झाला. दीवला 'खुकरी' नावाची युद्धनौका आणून ठेवली आहे, ती पाहून काकू जागच्या जागी थिजली. "ही वर काढली?" मला आधीच सांगायला हवं होतं. ही दुसरी खुकरी, माझगाव डॉकमध्ये बांधलेली, २०२१ मध्ये निवृत्त झालेली. पहिली अजून समुद्राच्या तळाशीच आहे. काकू बराच वेळ काही बोलली नाही.

स्मारकाला ऊन उतरल्यावर गेलो. चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती आहे. चढताना काकू चार वेळा थांबली, पण माझा हात तिने धरला नाही. काचेपाशी म्हणाली, "मुल्लासाहेबांनी आपलं लाइफजॅकेट दुसऱ्याला दिलं. कप्तान जहाजावरच राहिले." कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"जहाज कुठे आहे?"

"समोर, आत. सुमारे ४० सागरी मैलांवर."

खाली वाळूत आलो. पिशवीतून तिने परसातला नारळ काढला. जन्मभर काकाला 'हे' म्हणणाऱ्या काकूने पाण्याकडे बघून त्याला नावाने हाक मारली, दोनदा. मग नारळ सोडला. लाटेने तो परत आणला. मी गुडघाभर पाण्यात शिरून तो पुढे लोटला, परत आला, पुन्हा लोटला.

"आणखी आत," काकू म्हणाली.