मातीच्या पट्टीआधी

जिना चढून ती वर आली, बाकावर टेकली आणि कितीतरी वेळ तिला बोलताच येईना. नुसती धाप. आमचा निसर्गोपचाराचा दवाखाना पुण्यात नारायण पेठेत, पहिल्या मजल्यावर. सत्तरीतल्या आज्याही कठड्याला धरून तो जिना चढतात आणि दारातूनच बोलायला सुरुवात करतात. ही एक्केचाळीस वर्षांची. सोबत तिचे सासरे होते, तिची पर्स हातात घेऊन. (तिची परवानगी घेऊन लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

बोलायला सुरुवात अण्णांनीच केली. "डॉक्टर, सूनबाईच्या अंगावरून फार जातंय. पोटावर मातीची पट्टी, थंड पाण्याचं कटिस्नान आणि सात दिवस रसाहार, एवढं सुरू करा. घरचं पथ्य मी सांभाळतो."

अण्णा निवृत्त शिक्षक. दरवर्षी उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात जाऊन राहणारे. गांधीजींनी १९४६ साली तिथे काम सुरू केलं आणि मणिभाई देसाईंनी त्यात आयुष्य घातलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतःचं वजन आणि वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता त्यांनी तिथल्या शिस्तीवर आटोक्यात आणलेली. अशा माणसाचा विश्वास ऐकीव नसतो, त्याने तो अंगावर घेऊन बघितलेला असतो. म्हणूनच त्याला 'नाही' म्हणणं फार कठीण जातं. त्यात हे सासरे सुनेच्या पाळीबद्दल न लाजता डॉक्टरशी बोलत होते. किती घरांत होतं हे?

पिशवीतून त्यांनी स्टीलची बाटली काढली. गव्हांकुराचा रस. गच्चीवर ट्रेमध्ये गहू पेरून, रोज पहाटे कात्रीने पाती कापून, वाटून, गाळून ते सुनेला देत होते. पुण्यातल्या बागांबाहेर सकाळी फिरायला येणारे लोक हा रस घेतात, आणि 'हिरवं रक्त' हे त्याचं नाव कुणीतरी कधीतरी त्यांच्या कानावर घातलेलंच असतं. नाव ऐकायला छान आहे. हिरव्या पानातलं हरितद्रव्य आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनमधला हीम हा भाग यांची रासायनिक ठेवण एकमेकींसारखी असते, हेही खरं. पण हीमच्या मधोमध लोह असतं आणि हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम. पोटात गेलेल्या हिरव्या रसाचं शरीर लाल रक्त करत नाही. ते करायला त्याला लोहच लागतं.

मी अण्णांना बाहेर बसवलं आणि तिला आत घेतलं.

निसर्गोपचारात तपासणीला वेळ द्यायचा, हे आम्हाला बी.एन.वाय.एस.च्या, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाच्या पदवीच्या, साडेपाच वर्षांत शिकवलं जातं, आणि माझ्या मते ती या पद्धतीची सगळ्यात मोठी ताकद आहे. तिचा हात हातात घेतला. नखं मधे खोलगट झालेली, इतकी की अंगठ्याच्या नखावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो घरंगळू नये. खालची पापणी ओढली तर आतला भाग कागदासारखा पांढरा. जीभ गुळगुळीत. नाडी बसल्या जागी एकशे सोळा.

"कशाची खा-खा सुटते का? माती, खडू, कच्चे तांदूळ?"

ती ओशाळली. "बर्फ खाते. रात्री सगळे झोपले की फ्रिजमधला ट्रे घेऊन बसते. उष्णता झालीये ना अंगात."

बर्फ चघळायची अशी अनावर इच्छा हे लोह कमी पडल्याचं ओळखीचं लक्षण आहे. तिच्यासारख्या कित्येक बायका त्यालाच उष्णता समजून सब्जा आणि गुलकंद खात राहतात.

ती लक्ष्मी रोडवर एका साड्यांच्या दुकानात सेल्सवुमन. सकाळी दहाला उभं राहायचं ते रात्री नऊपर्यंत. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, मालकांना ते आवडत नाही. बायकांसाठी म्हणून जे स्वच्छतागृह आहे ते मागच्या बोळातून पुढच्या इमारतीत, त्याची किल्ली काउंटरवरच्या पुरुषाकडे. म्हणून सकाळी निघाल्यावर दुपारच्या जेवणापर्यंत ती पाणीच पीत नाही. पाळीच्या दिवसांत एकावर एक असे दोन पॅड लावते, कारण बदलायला जायचं तर किल्ली मागावी लागते. रक्ताच्या गाठी पडतात का विचारलं तर म्हणाली, "लिंबाएवढ्या. पण आमच्यात सगळ्यांनाच जास्त जातं."

खाण्यापिण्याचं विचारत गेले. डबा बाराच्या सुमारास, त्याच्यावर लगेच चहा, चारला चहा, सहाला चहा. चहातले टॅनिन जेवणातलं लोह धरून ठेवतात, शरीराला मिळू देत नाहीत. ती डब्यात रोज पालेभाजी नेत होती आणि वर चहा पिऊन तिचा निम्मा उपयोग घालवत होती. रात्री सगळ्यांना वाढून झालं की उरलेलं खायचं. भाजी संपलेली असते, मग ताक-भात.

"डॉक्टरकडे का नाही गेलात इतके दिवस?"

यावर ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पिशवी काढतील. माझ्या चुलत बहिणीची काढली, पस्तिशीत. मराठवाड्यात असते ती. तेव्हापासून तिचे सांधे दुखतात, कंबर धरते. मला पिशवी नाही काढायची. तुमच्याकडे औषधं नसतात म्हणून तुमच्याकडे आले."

हे मात्र अण्णांनाही माहीत नव्हतं. आणि तिची भीती खोटी म्हणायची सोय नव्हती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या, हे २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. अशा बातम्यांनी आणि अशा बहिणींनी घाबरलेल्या कितीतरी बायका दुखणं अंगावर काढतात आणि शेवटी आमच्यासारख्यांच्या दारात येतात, कारण इथे कात्री नाही, सुई नाही. हा विश्वास त्या आमच्यावर टाकतात. त्याचं आम्ही काय करतो, यावर त्या बाईचा जीव अवलंबून असतो.

खालच्याच मजल्यावर लॅब आहे. रक्त तपासायला दिलं आणि रिपोर्ट तातडीने मागितला. तासाभरात आला. हिमोग्लोबिन ५.१. बाईमाणसाला किमान १२ हवं, आणि ८ च्या खाली गेलं की तो तीव्र रक्तक्षय.

अण्णांनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला. चेहरा उतरला, पण म्हणाले, "म्हणजे रस दोन वेळा करावा लागेल."

"अण्णा, आज हिला रक्त चढवायला हवं. आत्ताच निघायचं."

"रक्त? दुसऱ्याचं?" त्यांचा आवाज चढला. "डॉक्टर, तुम्ही निसर्गोपचारवाल्या ना? शरीर स्वतःला बरं करतं, हे तुमचंच तत्त्व. उपास करू द्या तिला, विषद्रव्यं जाऊ द्या."

"बरं करायला शरीराकडे काहीतरी शिल्लक लागतं. हिच्या अंगात आज प्राणवायू वाहून न्यायला पुरेसं रक्त नाही, म्हणून हृदय एवढं धावतंय. अशात उपास मी कुणालाही देणार नाही. अंगावरून जात असताना थंड कटिस्नानही नाही."

ते थोडे थांबले आणि मग त्यांनी ठेवणीतलं काढलं. "दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांना असाच रक्तस्राव होता. बापूंनी त्यांचं मीठ आणि डाळी बंद केल्या. थांबला स्राव. वाचलंय ना?"

वाचलं होतं. आमच्याकडे ही गोष्ट फार सांगितली जाते, आणि अर्धीच सांगितली जाते. मी म्हटलं, "अण्णा, त्याआधी बांचं डर्बनला ऑपरेशन झालं होतं. इतक्या अशक्त होत्या की क्लोरोफॉर्मही देता आलं नाही. नंतर स्राव पुन्हा सुरू झाला, पाण्याचे उपचार करूनही थांबेना, तेव्हा मीठ-डाळ सोडली, आणि थांबला. पण तो मीठ-डाळ सोडल्याने थांबला, बाकीच्या पथ्याने की मनाला आलेल्या उभारीने, हे आपल्याला सांगता येत नाही, असं बापूंनी स्वतःच लिहून ठेवलंय. ते वाक्य कुणी सांगत नाही."

अण्णा काही बोलले नाहीत. मीच पुढे विचारलं, "आणि १९२४ साली येरवड्याच्या तुरुंगातून बापूंना कुठे नेलं होतं?"

हा प्रश्न विचारताना मला खात्री नव्हती की ते उत्तर देतील. पण शिक्षकाला इतिहास विचारला की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

"ससूनला," ते हळूच म्हणाले. "अपेंडिक्स. कर्नल मॅडॉक." मग त्यांचा सूर बदलला, वर्गात बदलत असेल तसा. "बारा जानेवारीची रात्र. ऑपरेशन चालू असताना वीज गेली. कंदिलाच्या उजेडात पुरं केलं त्यांनी. मी मुलांना दरवर्षी सांगायचो."

निसर्गोपचारावर एवढी श्रद्धा असलेले गांधीजी त्या रात्री इंग्रज सर्जनच्या हाताखाली निमूट झोपले. पुण्यात ससून रुग्णालय आणि ताडीवाला रोडवरचं ते निसर्गोपचाराचं घर ही दोन्ही ठिकाणं स्टेशनच्या आसपासच आहेत. डॉ. दिनशा मेहतांच्या त्या क्लिनिकमध्ये गांधीजी पुढे येऊन राहायचे, आणि तिथेच १९८६ पासून राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. गांधीजींना दोन्ही वास्तू चालल्या. कुठल्या वेळी कुठे जायचं, एवढंच आम्ही त्यांच्याकडून घेतलं तरी पुष्कळ.

अण्णा उठले. सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. "चल बाळ. रिक्षा बोलावतो."

मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर गेले. वाटेत तिला एकच समजावत होते: रक्त चढवायचं म्हणजे पिशवी काढायची नव्हे, आणि पिशवीबद्दल कुणी काही म्हटलं तर 'दुसरा इलाज कुठला आहे' हे विचारायचा तुला हक्क आहे, सही करायच्या आधी विचारायचा. नवरा चाकणहून कंपनीतून थेट ससूनला आला. रक्त चढलं. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आतल्या बाजूला फायब्रॉइडची गाठ दिसली, आणि अंगावरून एवढं जाण्याचं कारण तीच होती. पुढे दुर्बिणीतून तेवढी गाठ काढली. पिशवी शाबूत आहे.

आमचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की पोट घट्ट होतं, शौच काळं होतं, मळमळतं, आणि बायका पंधरा दिवसांत गोळ्या सोडून देतात. हिमोग्लोबिन वर आलं तरी शरीरातला साठा भरायला गोळ्या पुढे निदान तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. इथे निसर्गोपचार उपयोगी पडतो. पाळी नसलेल्या दिवसांत कटिस्नान, म्हणजे बेंबीपर्यंत पाण्यात बसायचं आणि पाय टबाबाहेर कोरडे. सकाळी पोटावर मातीची पट्टी. रात्री भिजवलेले काळे मनुके, दुधी आणि पडवळ, आणि रोज ठरल्या वेळी चालणं. पोट साफ राहिलं तशा तिच्या गोळ्याही चालू राहिल्या. अण्णांनी मागितलेली मातीची पट्टी अशी शेवटी तिला मिळाली.

चहा सोडायला मी सांगितलं नाही, कुणी सोडत नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा नको, एवढंच. जेवताना लिंबू पिळायचं किंवा आवळा खायचा, कारण क जीवनसत्त्व असलं की भाजीतलं लोह चांगलं शोषलं जातं. अळीव दुधात न घालता लिंबू घातलेल्या नारळपाण्यात भिजवायचे. भाजी लोखंडी कढईत. आणि घरात तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढायचं. या शेवटच्या गोष्टीची जबाबदारी अण्णांनी घेतली आणि पाळली. गच्चीवरच्या ट्रेमध्ये आता मेथी आणि राजगिरा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. आकडा मी आधीही वाचला होता. लक्ष्मी रोडवरून जाताना आता दुकानांच्या दारात उभ्या असलेल्या मुलींच्या पापण्या बघाव्याशा वाटतात.

मागच्या महिन्यात ती दुकानातल्या दोन मैत्रिणींना घेऊन आली. दोघींचे रक्ताचे रिपोर्ट तिने आधीच करून आणले होते. एकीचं ८.४, दुसरीचं ९. दोघींनाही आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आहे. केरळने २०१८ साली कायद्यात बदल करून दुकानात काम करणाऱ्या बायकांना बसायचा हक्क दिला. कापड दुकानांतल्या बायकांनीच त्यासाठी आवाज उठवला होता. हे तिला सांगितलं तेव्हापासून ती माझ्या मागे लागली आहे: आम्हाला काउंटरमागे स्टूल द्या आणि किल्ली बाईमाणसाकडे ठेवा, असं मालकांना डॉक्टर म्हणून लिहून द्या. पत्र तयार आहे. सोमवारी दुकान उघडायच्या वेळेला आम्ही दोघी ते घेऊन जाणार आहोत.