नदी दारात, मासा दुकानातला

ओउलूहून दिवसभर गाडी हाकून फिनलंडच्या उत्तर टोकाला, उत्स्योकीला पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि डोळ्यांवर लख्ख ऊन. खिडकीखाली तेनो नदी, पलीकडचा काठ नॉर्वेचा. सामी, म्हणजे इथल्या मूळ आदिवासी समाजातल्या, घरमालकीणबाईंनी सालमन मासा वाढला. "या नदीतलाच ना?" मी विचारलं.

"दुकानातला. पिंजऱ्यात वाढवलेला."

घास तोंडात फिरायला लागला. तेनोतला सालमन इतका घटलाय की 2021 पासून तो धरायलाच बंदी आहे. बंदीबद्दल बाईंची फारशी तक्रार नाही. राग आहे तो 2017 च्या फिनलंड-नॉर्वे मासेमारी कराराचा. पिढ्यान्‌पिढ्या जाळी लावणाऱ्यांना धड न विचारताच नियम ठरले, म्हणे. त्याच उन्हाळ्यात काही सामींनी नदीतल्या चेअरेत्सुओलू बेटावर ठाण मांडून जाहीर केलं, इथे करार चालणार नाही, मासे धरायचे तर इथल्या कुटुंबांना विचारा. पुढे दुसऱ्या एका प्रकरणात, सरकारी परवान्याविना मासे धरणाऱ्या सामींना फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये निर्दोष ठरवलं. आधार राज्यघटनेचं कलम 17. आपली संस्कृती जपायचा हक्क, आणि त्यात मासेमारीही आली.

पण कोर्टात जिंकलं म्हणून नदीत मासा येतो थोडाच?

जेवणानंतर बाईंनी शेड उघडली. लांबट, निमुळती होडी पालथी घातलेली. खुंटीला जाळं, कोरडं ठक्क. त्याच्या एका कोपऱ्यातल्या गाठी नव्या होत्या आणि वेड्यावाकड्या. नातवाने मारल्यात, म्हणाल्या.

मग मला आपलं सांगायची खुमखुमी आली. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै बंदी, पण हा नियम येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी पावसाळ्यात होड्या वर ओढतात, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात जात नाहीत, वगैरे. बाईंनी शांतपणे विचारलं, "सगळे पाळतात?"

एलईडी दिवे लावून रातोरात समुद्र खरवडणाऱ्या बोटी आठवल्या. "बहुतेक," म्हणालो. आता परक्या घरात, जेवल्या ताटावर गावाची लक्तरं कशाला काढा? आणि अख्ख्या किनाऱ्यावर लक्ष ठेवणं म्हणजे एक नदी राखण्याइतकं सोपं आहे का?

परत आल्यावर तशाच पिंजऱ्यातल्या सालमनचं पाकीट आणलं. चाळीस टक्के सूट होती. तिरफळं घालून आमटी केली. रावसाची सर नाही, पण दोन वेळा पुरली.