नियमावली नेमकी कोणासाठी?

"उद्या काही झाले तर ॲडमिनला तुरुंगात जावे लागेल, म्हणून हे नियम," असे आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी आज व्हॉट्सॲप गटाची आचारसंहिता वाचताना सांगितले आणि सभेत सर्वांनी माना डोलावल्या.

वास्तविक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजित बेत असल्याचे दिसल्याशिवाय, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. हे मी सांगितले, तेव्हा "कशाला विषाची परीक्षा?" एवढेच उत्तर मिळाले.

भीतीपोटी केलेल्या नियमांत काय येते आणि काय सुटते, हे मात्र पाहण्यासारखे होते. राजकारण नको, धर्म नको, फॉरवर्ड नको, सुप्रभात नको (या शेवटच्या कलमाला माझा मनापासून पाठिंबा आहे), अशी यादी लांबत गेली; परंतु टँकरच्या खर्चाचा हिशेब विचारणाऱ्या भाडेकरूला मागच्या आठवड्यात "तुम्ही मालक नाही, तुम्हाला काय करायचे आहे?" असे गटावर सर्वांदेखत सुनावण्यात आले होते, त्याबद्दल त्या यादीत एक ओळही नव्हती. तो संदेश कोणत्याही कायद्यात बसत नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षातही आला नसावा.

आता ॲडमिनला इतरांचा संदेश पुसताही येतो. तो का पुसला, हे लिहिणाऱ्याला कळवावे, असे कलम तुमच्या गटात आहे का?