डाख दिलेली बत्ती

घरात सिलिंडर आहे, बॅटरीचे हलके दिवे कुठेही मिळतात; मग लोकांनी वापरून टाकलेल्या, पंपाने हवा भरून रॉकेलवर चालणाऱ्या गॅसबत्त्या आणि स्टोव्ह पैसे मोजून का आणता, असे घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आजवर माझे उत्तर ठरलेले होते: या वस्तू अडीअडचणीला उपयोगी पडतात. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालताना भर पावसात मुक्काम पडला, तरी पितळी स्टोव्हवर चहा होतो, हे खरेच आहे. पण त्याला एक स्टोव्ह पुरतो आणि माझ्याकडे सात आहेत, शिवाय नऊ बत्त्या. जुन्या टाकीचा पत्रा जाड असतो, पंपातला चामड्याचा वॉशर वाळला तरी तेलात भिजवला की पुन्हा हवा धरतो, हेही मी ऐकवत असे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या रविवारच्या बाजारात एखादी बत्ती मोडीच्या भावाने तोलली जाताना दिसली, की मला पुढे जाववत नसे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ती अडचण आली. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि आमच्याकडची वीज गेली. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “एवढ्या बत्त्या हायत न्हवं तुमच्याकडं, एक लावा की जिन्यात.” खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. गॅस असलेल्या घराला तेव्हा रेशनचे रॉकेल मिळत नव्हते. नऊ बत्त्यांना मिळून दीड लिटर शिल्लक होते. त्यातले मी सर्वांत देखण्या बत्तीत भरले.

तिच्या टाकीच्या खांद्यावर, बर्नरच्या बरोबर खाली, बोटभर लांबीचा डाख, म्हणजे कथील वितळवून दिलेला जोड, होता. घेताना तो मी पाहिला होता. विकणारा म्हणाला, “पक्कं काम हाय,” आणि मी मान डोलावली. टाकीत हवा भरून ती बादलीत बुडवायची आणि बुडबुडे येतात का पाहायचे, एवढी साधी परीक्षा. पण मागे दुसरे गिऱ्हाईक उभे होते. असा डाख दोनशे अंशांच्या आसपासच वितळू लागतो, हे मला ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही.

मेंटल, म्हणजे उजेड देणारी जाळीची पिशवी, बांधले. नळी तापवायला घाईत स्पिरिट जास्त ओतले गेले, ते खांद्यावर ओघळून तिथेच जळत राहिले. मी पंप मारला. पांढराशुभ्र उजेड पडला, काकूंनी हात जोडले, आणि दोन-तीन मिनिटांत डाखातून रॉकेलची बारीक चिळकांडी उडून पेटली. हवेचा स्क्रू सोडला की दाब उतरतो, हे मी कितीतरी जणांना शिकवले आहे. त्या वेळी मात्र मी “पाणी आणा, पाणी आणा” म्हणून ओरडत होतो. पेटलेल्या रॉकेलवर पाणी ओतायचे नसते, आणि पाणी तर जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत येऊन उभेच होते. स्क्रू माझ्या मुलाने सोडला, वर ओले पोते टाकले. त्याचा उजवा तळवा भाजला. सकाळी त्याला बोटीतून दवाखान्यात नेले. तो व्रण अजून आहे.

पत्नी एवढेच म्हणाली की तिच्या लहानपणी वर्तमानपत्रात ‘स्टोव्हचा भडका’ या दोन शब्दांत सुनांचे मरण उरकलेले असायचे, आणि म्हणून तिच्या आईने मुलींना पंपाच्या स्टोव्हजवळ कधी फिरकू दिले नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. दोष डाखाचा होता, बत्तीचा नव्हे, असे मी पुढे कितीदा तरी म्हणालो. पण डाख पाहूनही बत्ती मीच घेतली होती. उपयोगाचे कारण तेव्हापासून मी देत नाही. दुसरे कोणते द्यावे, ते सापडलेले नाही. मुलगा या विषयावर बोलत नाही, आणि त्याने बोलावे असे मला वाटते की नाही, हेही मला नक्की सांगता येत नाही.

ती बत्ती माळ्यावर आहे. मोडीत दिलेली नाही. गेल्या रविवारी एक स्टोव्ह घेतला. दुकानदाराकडूनच बादली मागून अर्धा तास बुडवून पाहिला, एकही बुडबुडा आला नाही. तो अजून स्कूटरच्या डिकीतच आहे.