सात दिवस मोजायचे कधीपासून? पुनरावलोकन मंडळाचा माझा अनुभव

अर्ज दिला की पोच घ्या. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही. घाईत असाल तर बाकीचं नंतर वाचा. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांना कायद्यानं जिथे दाद मागता येते तिथे, आमचं प्रकरण अडकलं ते या पोचेपायी, आणि त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे. वडिलांनी त्याला मनोरुग्णालयात दाखल केलं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या जुन्या चारांपैकी कुठलं ते लिहीत नाही. कागदोपत्री त्याचे ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याच्या बाजूनं उभं राहायचं माणूस, वडीलच होते. दादा आत असतानाच वडील गेले. डॉक्टरांचं म्हणणं, तब्येत चांगली सुधारली आहे, घरी राहून औषधं घेता येतील. मी न्यायला तयारच होते. तेवढ्यात काकांनी रुग्णालयाला पत्र दिलं: घरात आता मोठा मी, मला विचारल्याशिवाय त्याला कुणाच्या ताब्यात देऊ नका. गावची जमीन सामाईक आहे, यापलीकडे काही सांगायला नको.

ऑफिसमधून उत्तर आलं, “कोर्टाची ऑर्डर आणा.” ही १९८७च्या कायद्याची सवय. तेव्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर बरंच काही चालायचं. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू झाला. त्यानुसार प्रतिनिधी कोण यावर घोळ असेल तर मंडळाकडे जाता येतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पदासाठी पात्र न्यायिक अधिकारी, निवृत्त जिल्हा न्यायाधीशही चालतात. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर. उरलेल्या दोन जागा आजार स्वतः भोगलेल्यांसाठी, त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी किंवा या क्षेत्रातल्या संस्थांसाठी. हे वाचून मला धीर आला होता. आमच्यासारखं कुणीतरी त्या टेबलापाशी बसलेलं असणार होतं.

पण टेबल सापडेना. रुग्णालय म्हणालं, मंडळाचे अर्ज आम्ही घेत नाही. जिल्हा रुग्णालयानं समाजकल्याणकडे पाठवलं. समाजकल्याणमध्ये मंडळाचं नावच कुणी ऐकलेलं नव्हतं. न्यायालयाच्या आवारात कळलं की मंडळाचे अध्यक्षसाहेब इथेच बसतात, पण त्या कामाचे कागद इथे येत नाहीत. शेवटी ज्यांच्याकडे हे काम होतं ते लिपिक भेटले. बोलायला सभ्य होते.

“अर्ज ठेवून जा ताई. बैठक लागली की कळवतो.”

“पोच द्याल का?”

“बैठकच लागलेली नाही, तर आवक कशी करू?”

“मग बैठक कधी आहे?”

“एका सदस्यांची मुदत संपली. नवीन नेमणूक वरून यायची आहे.”

मी पुन्हा गेले, तेच उत्तर. पत्र पाठवलं, उत्तर नाही. फोन केला तर “साहेब दौऱ्यावर आहेत.” कायद्याच्या कलम ८०मध्ये स्वच्छ लिहिलंय की प्रतिनिधी नेमण्याचा अर्ज मंडळानं मिळाल्यापासून सात दिवसांत निकाली काढायचा. मिळाल्यापासून! पोच नाही म्हणजे अर्ज मिळालाच नाही, आणि मिळालाच नाही तर पहिला दिवस उजाडतच नाही. सात दिवसांचा नियम ज्यांनी लिहिला त्यांना दादासारख्या माणसाचा एकेक दिवस मोलाचा वाटला असणार. तो एका शिक्क्यावर अडवून ठेवणं मला आजही क्रूर वाटतं. भेटीला गेले की दादा विचारायचा, “अजून बैठक नाही?” माझ्याकडे उत्तर नसायचं.

‘वरून’ म्हणजे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडून. मंडळं स्थापन करायची ती त्यांनी. दर्जाचे निकष, देखरेख, मानसिक आरोग्य संस्थांची नोंदणी, सगळं तिथूनच. या प्राधिकरणानं वर्षातून निदान चार बैठका घ्याव्यात असं कायदाच सांगतो. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाला याच प्राधिकरणाच्या आणि मंडळांच्या कामकाजात लक्ष घालावं लागलं होतं. वरची नेमणूक लांबली की खाली वॉर्डात कुणीतरी बरं होऊनही बसून राहतं. समित्यांची चर्चा करणाऱ्यांनी एकदा त्या वॉर्डात जाऊन यावं.

गाठ सुटली ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामुळे. कलम २७नुसार मानसिक आजार असलेल्या माणसाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तिथे मिळालेल्या वकीलबाई माझ्यासोबत त्याच टेबलापाशी आल्या, कायद्याचं पान उघडून ठेवलं आणि शिक्का मिळेपर्यंत उभ्या राहिल्या. मिळाला. मी त्या कागदाचा फोटो तिथेच काढला. रिकामी जागाही लवकरच भरली गेली.

सुनावणी बंद दारामागे असते, बाहेरचं कुणी नसतं. अध्यक्षांनी आधी काकांना किंवा मला नाही, दादाला विचारलं, “तुम्हाला कुणाकडे राहायचंय?” तो म्हणाला, “ताईकडे. ती औषध विसरू देत नाही.” स्वतः मुलीला सांभाळणाऱ्या एक सदस्य होत्या. त्यांनी मला विचारलं की तो रात्री झोपला नाही तर तुम्ही काय करता? माझं उत्तर संपेपर्यंत त्या मान हलवत होत्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलेला नव्हता. आदेश माझ्या नावे झाला.

हे आधी सांगायला हवं होतं: दादाचा स्वतःचा कागद खूप कामाला आला. प्रतिनिधी कोण असावा हे माणूस साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा करून सांगू शकतो, स्टॅम्पपेपर लागत नाही. तुमची संमतीही लेखी जोडा. ऑफिसमध्ये म्हणतील, “पेशंटच्या सहीला काय अर्थ?” आजार आहे एवढ्यावरून सही रद्द होत नाही, निर्णय समजण्याची क्षमता पाहावी लागते. डॉक्टरांकडून तशी नोंद करून घ्या.

मंडळाकडे अर्जाला फी नाही. कुणी मागितली तर देऊ नका. आत असलेल्या माणसाला अपवादात्मक वेळी तोंडी किंवा फोनवरूनही अर्ज करता येतो. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील.

आणि दाखल करतानाच विचारा, कुठल्या कलमाखाली घेताय? ते सांगणं आणि मंडळाकडे दाद मागता येते हे कळवणं कलम २२नुसार रुग्णालयाचं काम आहे. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर मंडळाचा पत्ता आणि फोन मराठीत लावा, असं पत्र मी राज्य प्राधिकरणाला पाठवलं आहे. तुमच्या जिल्ह्यातून तुम्हीही पाठवा.